कूलरच्या शहरात मिनीडीव्ही: कॅसेट निवडताना, हाताळताना, ठेवताना

नागपुरात २००० नंतरच्या दशकात झालेली लग्नं, मुंजी, तान्ह्या पोळ्याला सजलेली पोरं हे सगळं बऱ्याच घरांत अजून काडेपेटीहून जरा मोठ्या मिनीडीव्ही कॅसेटमध्ये, म्हणजे हॅन्डीकॅमच्या छोट्या डिजिटल टेपवर, पडून आहे. दुसरीकडे कॉलेजातली मुलं त्या काळचा 'लुक' हवा म्हणून जुना हॅन्डीकॅम शोधत बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गल्ल्यांत फिरताना दिसतात. हा लेख दोघांसाठी आहे. दोघांचाही गोंधळ एकच असतो: कॅसेटवरचं रेकॉर्डिंग डिजिटल आहे म्हटल्यावर ते मेमरी कार्डासारखं वागेल असं वाटतं.

तसं होत नाही. कार्डात हलणारं काही नसतं. कॅसेटमध्ये ६.३५ मिलिमीटर रुंदीची, केसाहून कितीतरी पातळ टेप असते आणि मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या ड्रमवरची हेड, म्हणजे चित्र लिहिणारी-वाचणारी टोकं, तिला घासत जातात. आपल्याकडच्या पद्धतीत एका फ्रेमसाठी टेपवर १२ तिरपे पट्टे लिहिले जातात आणि एकेक पट्टा जेमतेम १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतो. एवढ्या बारीक जागेत धुळीचा कण, बोटाचं तेल किंवा ओल आली तर काय होईल ते सांगायला नको.

आणि ओल म्हटल्यावर नागपूरकर हसतो. इथे माणसं उन्हाला घाबरतात. माझं मत असं की इथे कॅसेटचं सगळ्यात जास्त नुकसान ऊन करत नाही, कूलर करतो. त्याचं सविस्तर पुढे येईलच. आधी हातातली कॅसेट नक्की कोणती आहे ते पाहू.

आधी ओळख पटवा

साधारण ६६ बाय ४८ मिलिमीटरची, १२ मिलिमीटर जाडीची असेल तर ती मिनीडीव्ही. हा डीव्ही प्रकार १९९५ मध्ये बाजारात आला. तिच्याहून मोठी, ९५ मिलिमीटर लांबीची असेल तर ती ८ मिलिमीटरच्या घराण्यातली. इथे फसगत होते, कारण व्हिडिओ८, हाय८ आणि डिजिटल८ या तिघांची कॅसेट दिसायला एकच. पहिल्या दोन ॲनालॉग, तिसरं डिजिटल. १९९९ मध्ये आलेल्या डिजिटल८ ने हाय८ चीच कॅसेट वापरली, फक्त टेप जोरात पळवली. त्यामुळे कॅसेटवर 'हाय८' छापलेलं असलं तरी आत डिजिटल८ रेकॉर्डिंग असू शकतं आणि जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्यात ते दिसणार नाही. कॅसेट खराब आहे असं ठरवून टाकून देण्याआधी डिजिटल८ च्या कॅमेऱ्यात लावून पाहा.

मिनीडीव्हीतही तीन प्रकारचं रेकॉर्डिंग भेटतं. साधं डीव्ही, व्यावसायिक कॅमेऱ्यांवरचं डीव्हीकॅम आणि २००३ मध्ये आलेलं हाय डेफिनिशन चित्राचं एचडीव्ही. डीव्हीकॅममध्ये पट्टे १५ मायक्रॉनचे असतात, म्हणून ६० मिनिटांच्या कॅसेटवर ४० मिनिटंच मावतात. एचडीव्ही रेकॉर्डिंग साध्या डीव्ही कॅमेऱ्यात चालत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला कॅमेरा असेल तर आणखी एक पाहा. टीव्हीच्या चित्राची आपल्याकडे पाल पद्धत, तिकडे एनटीएससी. तिकडच्या हॅन्डीकॅममध्ये इथलं लग्न नीट दिसणार नाही. सोनीच्या हॅन्डीकॅमवर मॉडेलच्या नावाशेवटी 'ई' असेल तर तो पालचा. जुना कॅमेरा घेताना ही एक खूण बघितली तरी पैसे वाचतात.

विकत घेताना

आता दुकानात मिळणारी ब्लँक कॅसेट बहुतेक जुन्या साठ्यातली असते. त्यात वाईट काही नाही, पण 'सीलबंद आहे ना' एवढ्यावर थांबू नका. शोकेसमध्ये उन्हात राहिलेली, रंग उडालेल्या वेष्टनाची कॅसेट सोडून द्या. शक्य असेल तर दुकानदाराला एक कॅसेट उघडायला सांगा आणि खिडकीतून रीळ पाहा. टेपचा गठ्ठा आरशासारखा सपाट दिसायला हवा. कडेला पायऱ्या दिसत असतील, एखादा पदर बाहेर डोकावत असेल, पांढरे ठिपके असतील तर नको. कॅसेट हळूच हलवली की आत काही खुळखुळतंय का तेही ऐका.

लांबी ६० मिनिटांचीच घ्या. ८० मिनिटांची कॅसेट स्वस्तात जास्त देते असं वाटतं, पण एवढ्याच डबीत जास्त टेप बसवायची म्हणजे ती आणखी पातळ करावी लागते. पातळ टेप ताणली जाते, दुमडते आणि वयस्कर कॅमेऱ्याच्या यंत्रणेत लवकर अडकते. कॅमेऱ्यातला 'एलपी' मोड (टेप हळू चालवणारा; नेहमीचा तो 'एसपी') वापरण्याचा मोहही टाळा. त्यात ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावतात, चित्राचा दर्जा तोच राहतो, पण पट्ट्याची रुंदी १० वरून ६.६७ मायक्रॉनवर येते. ज्या कॅमेऱ्यात रेकॉर्ड केलं त्यातच ते नीट दिसेल. दुसऱ्यात दिसेलच याची खात्री नाही. मोहापायी वाचलेली अर्धी कॅसेट पुढे फार महागात पडते.

'प्रोफेशनल' लिहिलेली महाग कॅसेट घ्यावी का? चित्र तिने सुधारत नाही, कारण लिहिले जातात ते तेच आकडे. फायदा एवढाच की तिच्यात टेपवरचे दोष, म्हणजे ड्रॉपआउट, कमी असावेत अशी अपेक्षा असते. साध्या डीव्हीत एखादा ड्रॉपआउट आला तर चित्रात चौकोन उठतात आणि पुढच्या फ्रेमला सगळं ठीक होतं. एचडीव्हीत मात्र १२ फ्रेमचा गट एकमेकांवर टेकून असतो, म्हणून एका डागापायी अर्धा सेकंद चित्र गोठतं. एचडीव्हीत शूट करणार असाल तर चांगली कॅसेट घ्या, एरवी साधी पुरते.

कंपनीबद्दल व्हिडिओवाल्यांमध्ये जुना वाद आहे. एका कंपनीच्या टेपवरचं वंगण दुसऱ्या कंपनीच्या वंगणात मिसळलं की हेडवर चिकटा बसतो, असं बरेच जण शपथेवर सांगतात. वादात पडू नका. एकच कंपनी धरा आणि बदलायची वेळ आली तर मध्ये एकदा हेड साफ करून घ्या.

वापरलेल्या कॅसेट सरावाला ठीक. आयुष्यात एकदाच होणारा कार्यक्रम कोऱ्या कॅसेटवरच घ्यावा.

पहिलं रेकॉर्डिंग करण्याआधी

कोरी कॅसेट एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड करून परत रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या टेपचा ताण त्यामुळे सारखा होतो.

मग लेन्सवर झाकण ठेवून पहिला अर्धा-एक मिनिट रिकामाच रेकॉर्ड करा. टेपचं सुरुवातीचं टोक सगळ्यात जास्त ओढाताण सोसतं. तिथे वरमाला आणि मंगलाष्टकं नकोत.

पुढची गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. कॅमेरा टेपवर टाइमकोड लिहीत जातो: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. मध्येच तुम्ही मागे जाऊन पाहिलंत आणि रेकॉर्डिंग संपलं त्याच्या पुढे, कोऱ्या जागेत जाऊन पुन्हा सुरू केलंत, तर टाइमकोड शून्यापासून सुरू होतो. एका कॅसेटमध्ये दोन 'पाचवं मिनिट' झाली की संगणकावर उतरवताना घोळ होतो. म्हणून प्रत्येक वेळी शेवटच्या शॉटनंतर चार-पाच सेकंद जास्तीचे चालू द्या आणि पुढच्या वेळी त्या जास्तीच्या भागातच सुरुवात करा. कॅमेऱ्यात 'एंड सर्च' असेल तर तो त्यासाठीच आहे.

लेबल आधी लिहा, मग चिकटवा, आणि फक्त ठरलेल्या खाचेतच. कडेवर आलेलं, कोपरा सुटलेलं लेबल कॅमेऱ्याच्या आत उलगडलं की कॅसेट बाहेर येत नाही. लेबलवर तारीख, कार्यक्रम, क्रमांक आणि एसपी की एलपी एवढं तरी हवंच. 'दादाचं लग्न' पुरेसं वाटतं, पण दादाच्या लग्नाच्या पाच कॅसेट असतात आणि हळद कोणत्यात ते कोणाला आठवत नाही.

रेकॉर्डिंग संपलं की कडेची छोटी पट्टी 'सेव्ह' कडे सरकवा, म्हणजे त्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. सगळी खबरदारी घ्यायला वेळ नसेल तर एवढी एक घ्या.

हातात आणि कॅमेऱ्यात

कॅसेटचं झाकण उघडून टेपला बोट लावू नका, कुतूहल म्हणूनसुद्धा. कॅमेऱ्यात घालताना आतल्या पाळण्यावर 'पुश' लिहिलेल्या जागीच दाबा, तो आपणहून आत जाईपर्यंत थांबा आणि मगच बाहेरचं दार लावा. घाईत दार ढकललं की पाळणा वाकतो. तो दुरुस्त करणारे हात आता शहरात फार थोडे उरले आहेत.

टेप ड्रमभोवती गुंडाळलेली असताना कॅमेरा उगाच थांबवून ठेवू नका. पॉजमध्ये हेड एकाच जागी घासत राहतात. बहुतेक कॅमेरे काही मिनिटांनी स्वतःच सुटतात ते याचसाठी. घरी आल्यावर कॅसेट काढून ठेवा. कॅमेऱ्यात कॅसेट ठेवून कपाटात टाकलेले हॅन्डीकॅम बरेच दिसतात आणि त्यांची बॅटरी संपलेली, चार्जर हरवलेला असतो, म्हणजे कॅसेट आत अडकलेली.

पावसाळ्यातली लग्नं, साखरपुडे एसी हॉलमध्ये होतात आणि वरात बाहेरच्या दमट हवेत. थंड कॅमेरा बाहेर काढला की आतल्या ड्रमवर दव धरतं आणि ओल्या ड्रमला टेप चिकटते. चांगल्या कॅमेऱ्यात दवाची सूचना दिसते आणि तो चालायला नकार देतो. त्याच्याशी भांडू नका. बाहेर निघण्याआधी हॉलमध्येच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, बाहेरच्या हवेला सरावू द्या आणि मगच पिशवी उघडा. दव धरलंच तर कॅसेट काढून तासभर थांबा.

चित्रात आडवे पट्टे येत असतील, एक पट्टा बरोबर आणि एक अडकलेला, तर बहुधा दोनपैकी एक हेड मळलंय. कोरडी क्लिनिंग कॅसेट १० सेकंद चालवा आणि पाहा. फरक नसेल तर अजून एक-दोनदा. त्यापुढे नको, कारण ती कॅसेट हेडला घासूनच साफ करते. दर महिन्याला नियमाने साफ करणाऱ्यांनी हेड लवकर झिजवली आहेत.

ठेवायचं कुठे? म्हणजे कूलरपासून किती लांब?

टेपला १५ ते २५ अंश तापमान आणि ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. आता नागपूर बघा. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली, नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली येतो. पावसाळ्यात भिंतींना ओल.

पण ऊन-ओलीचे हे चढउतार ऋतूंनुसार, हळूहळू होतात. कूलर ओलीचं तेच काम एका दिवसात करतो. नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की बाहेरची दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. आपण वाळ्याच्या ताट्यांतून पाणी सोडून तीच हवा खोलीत ओढतो. थंडावा मिळतो तो पाण्याची वाफ होऊन, आणि ती वाफ जाते कुठे? पलंगाखालच्या पेटीत, टीव्हीच्या खणात, अल्बमच्या कपाटात. दुपारी खोली दमट, सकाळी कूलर बंद केल्यावर पुन्हा कोरडी, आणि हे मार्च ते जून रोज. मिनीडीव्हीच्या टेपवर धातूचा अतिशय पातळ थर वाफेने चढवलेला असतो. धातू म्हटलं की गंज आला. त्यात आपल्याकडचं पाणी जड. ताट्या आणि कूलरच्या जाळ्या पांढऱ्या होतात ते क्षार उडणाऱ्या तुषारांबरोबर खोलीतही येतात.

म्हणून पहिला नियम: कूलर लागतो त्या खोलीत कॅसेट ठेवायच्या नाहीत. मधल्या खोलीतलं, आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट उत्तम. पश्चिमेच्या भिंतीचं नको, ती रात्री अकरापर्यंत तापलेली असते. माळाही नको, विशेषतः वरच्या मजल्यावर गच्चीच्या स्लॅबखाली. लोखंडी कपाट चालतं, धूळ अडवतं. पत्र्याची शेड, उभी असलेली गाडी, गॅसच्या ओट्यावरचं फडताळ हे सगळं बाद. फ्रिजही बाद. बाहेर काढताना दव धरतं म्हणजे पुन्हा तोच प्रश्न.

दुसरा नियम वेळेचा. रबराच्या कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक ठेवा. पण डबा जुलैत बंद केलात तर पावसाळाच आत कोंडला जातो. डबा भरायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत, दुपारी, हवा कोरडी असताना. कॅसेट आधी त्याच खोलीत एक दिवस उघड्या राहू द्या, मग भरा. मापकाचा काटा पन्नाशीच्या वर जाऊ लागला की पुड्या बदला. सुट्या दाण्यांची भुकटी उडते, म्हणून पुड्याच वापरा. डांबराच्या गोळ्या डब्यातच काय, कपाटातसुद्धा नकोत.

प्रत्येक कॅसेट पूर्ण रिवाइंड करून तिच्या डबीत घाला आणि पुस्तकांसारखी उभी ठेवा. आडवी ठेवली की रिळाचा भार वर्षानुवर्षं टेपच्या कडेवर पडतो. लोहचुंबकाची भीती थोडी जास्तच घेतली जाते. मोबाईल शेजारी राहिला म्हणून काही पुसलं जात नाही आणि विमानतळावरच्या एक्स-रेनेही टेपला धक्का लागत नाही. मात्र मोठे स्पीकर आणि इन्व्हर्टर यांच्यापासून लांब ठेवाच. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा वास जिथे येतो तिथे धातूचं काहीच बरं राहत नाही.

तळाचा खणही टाळा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा कपाटातला सगळ्यात खालचा खण पहिला गेला. भिजलेली कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही नको. बाहेरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुवा आणि टेपचं काम करणाऱ्या जाणकाराकडे न्या. बुरशीचे पांढरे ठिपके दिसणारी कॅसेटही वेगळ्या पिशवीत ठेवा. ती चालवली की बुरशी हेडवर आणि तिथून तुमच्या बाकीच्या सगळ्या कॅसेटवर जाते.

उतरवून घेणं

इतकं जपूनही कॅसेट किती टिकेल यापेक्षा ती वाजवणारा कॅमेरा किती टिकेल हा प्रश्न आधी उभा राहतो. नवे कॅमेरे बनत नाहीत. म्हणून जपणं आणि उतरवणं एकाच वेळी सुरू करा.

कॅमेऱ्याच्या यूएसबीतून बहुतेक मॉडेलमध्ये फोटोच येतात किंवा हलक्या दर्जाचं चित्र. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांतून घेतलं तर डिजिटलचं ॲनालॉग आणि परत डिजिटल होतं. योग्य रस्ता फायरवायर नावाच्या डिजिटल जोडणीचा, जिला सोनी आय-लिंक म्हणते. त्यातून टेपवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात येतात. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा जाते. जुना डेस्कटॉप आणि फायरवायर कार्ड असेल तर विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब ही फुकट सॉफ्टवेअर पुरतात. मॅकवाल्यांनी जपून, कारण २०२५ च्या टाहो आवृत्तीपासून मॅकओएसमधून फायरवायर गेलं. सहा पिनांची तार उलटी घुसवली तर पोर्ट जळतो, म्हणून जोडताना कॅमेरा बंद ठेवा.

अनोळखी कॅमेऱ्यात लग्नाची कॅसेट पहिल्यांदा कधीच घालू नका. टाकाऊ कॅसेटवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा, पाहा, बाहेर काढून टेपवर सुरकुती आली का बघा, मग पुढे.

आलेली मूळ डीव्ही फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपी४ बनवा. प्रत दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. लग्नाची 'मिक्सिंग' केलेली डीव्हीडी आहे म्हणून मूळ कॅसेट टाकणारे भेटतात. त्यांना सांगावंसं वाटतं की त्या डीव्हीडीत गुलाबाच्या पाकळ्या आणि फिल्मी गाणी आहेत, आजीचं बोलणं बहुधा कापलेलं आहे.

क्रम लावताना एलपीवर घेतलेल्या आणि ८० मिनिटांच्या कॅसेट आधी घ्या, मग ज्या कूलरच्या खोलीत राहिल्या त्या, बाकीच्या त्यानंतर. ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तो अजून चालत असेल तर त्यानेच उतरवा. त्याच्या कॅसेट त्याच्यातच सगळ्यात चांगल्या चालतात.